ऊसतोडीच्या फडावर ओटीपी येतो तेव्हा: सातारा-सांगलीतल्या स्थलांतरितांना कम्प्युटर शिकवायचा म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून निघालेले ट्रॅक्टर आणि ट्रक कराड-वाळव्याच्या रस्त्याला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या आणि लहान मुलं असतात. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, राजारामनगरचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती अशा कारखान्यांच्या गाळपासाठी ही माणसं पाच-सहा महिने इथे राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मोजदादही माणसांची होत नाही, कोयत्यांची होते.

2025 च्या हंगामात या जोड्यांसमोर एक वेगळंच काम येऊन पडलं. 18 सप्टेंबर 2025 ला राज्य सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक केलं आणि दोन महिन्यांची मुदत दिली. पुढे ती 31 डिसेंबरपर्यंत वाढली. गाळप सुरू झालं 1 नोव्हेंबरला. म्हणजे महिन्याचे 1,500 रुपये चालू ठेवण्यासाठी जे काम मोबाईलवर करायचं होतं, त्याची मुदत नेमकी गाव सोडण्याच्या आणि फडावर उतरण्याच्या दिवसांत पडली.

काम कागदावर सोपं होतं. वेबसाईट उघडायची, आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी. शेवटी दोन घोषणा आणि झालं.

पण फडावर असलेल्या बाईच्या आधारला जोडलेला नंबर तीन वर्षांपूर्वीचा असेल तर? ते सिम रिचार्जअभावी कधीच बंद पडलं असेल तर? नवरा नसेल आणि वडील गावी, म्हणजे दोनशे-अडीचशे किलोमीटरवर असतील तर?

स्थलांतरितांना कम्प्युटर शिकवण्याची चर्चा खरं तर इथून सुरू व्हायला हवी. ती बहुतेक वेळा टायपिंग आणि प्रमाणपत्रापासून सुरू होते.

या दोन जिल्ह्यांत स्थलांतरित कोण?

सातारा आणि सांगली हे माणसं बोलावणारे जिल्हे आहेत, तसेच माणसं पाठवणारेही. कृष्णाकाठ पाण्याचा, तिथे ऊस आणि कारखाने. पूर्वेला गेलं की माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत हा अवर्षणाचा पट्टा. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेत. साताऱ्याच्या डोंगरी भागातला माणूस मुंबईच्या बाजारपेठेत ओझी उचलायला गेला आणि त्यातूनच अण्णासाहेब पाटलांची माथाडी चळवळ आणि 1969 चा माथाडी कायदा आला. जतच्या काही भागांतून तर लोक स्वतःच ऊस तोडायला जातात.

येणाऱ्यांत ऊसतोड मजुरांशिवाय तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत काम करणारे बिहारचे मजूर आहेत, कुपवाड आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतले उत्तर प्रदेश-ओडिशाचे कामगार आहेत.

आणि एक गट असा, ज्याला निर्वासित म्हणायला कुणी धजावत नाही, पण अर्थ तोच. कोयना धरणासाठी पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली गावं उठली. त्यातली कुटुंबं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी विखुरली. साठ वर्षं होऊन गेली तरी प्रकल्पग्रस्त दाखला, वारस नोंद, सातबारा यांसाठी त्यांच्या नातवंडांच्या फेऱ्या चालूच आहेत. आता यातलं बरंचसं ऑनलाईन आलंय. ज्याला जमतं, त्याची पाटणची फेरी वाचते. ज्याला जमत नाही, तो एजंट गाठतो.

शिकवण्याच्या योजना नव्हत्या का?

होत्या. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएलची स्थापना 2001 ची, त्याच वर्षीचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम. सरकारी नोकरीसाठी लागतो म्हणून गावोगावच्या पोरांनी तो केला. कराड, विटा, जत, वडूज, जिथे जाल तिथे एमएस-सीआयटीचा बोर्ड दिसतो. पण तो महिने-दोन महिने एका जागी राहणाऱ्या, फी भरू शकणाऱ्या आणि नोकरी शोधणाऱ्या तरुणासाठी आहे.

केंद्राने 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. ग्रामीण भागातल्या 6 कोटी कुटुंबांतल्या प्रत्येकी एकाला शिकवायचं, वय 14 ते 60, अभ्यासक्रम 20 तासांचा, शेवटी ऑनलाईन परीक्षा. मार्च 2024 मध्ये अभियान संपलं, तोवर 6 कोटी 39 लाख लोकांना प्रशिक्षण मिळाल्याचं सरकारने सांगितलं. आकडा मोठा आहे आणि उद्दिष्टाच्या पुढे आहे.

तरीही दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे घरटी एक माणूस. घरात एकच जण शिकणार असेल तर तो बहुतेक वेळा पोरगा किंवा बाप्या असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचं प्रमाण 57 टक्के, तर बायकांचं 33 टक्के होतं. दुसरी गोष्ट, 20 तासांचा हा अभ्यास गावातल्या केंद्रावर होणार. वर्षातले पाच-सहा महिने जो गावात नसतो, आणि असतो तेव्हा पावसाळी शेतीत अडकलेला असतो, त्याच्या वाट्याला तो कसा यायचा? आणि ज्या गावात तो ऊस तोडायला येतो, तिथल्या ग्रामपंचायतीच्या यादीत त्याचं नावच नसतं.

खरी परीक्षा: नंबर, अंगठा आणि पत्ता

स्थलांतरितांसाठीच्या योजना गेल्या काही वर्षांत बऱ्याच आल्या. लॉकडाऊनमध्ये पायी निघालेल्या मजुरांचा विषय सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला आणि 29 जून 2021 च्या निकालात असंघटित कामगारांच्या नोंदणीचं पोर्टल आणि 'एक देश, एक रेशन कार्ड' यांसाठी मुदती घालून दिल्या. 26 ऑगस्ट 2021 ला ई-श्रम पोर्टल सुरू झालं. आतापर्यंत 30 कोटींहून जास्त कामगारांची नोंद त्यावर झाली आहे.

ई-श्रमवर स्वतः नोंद करायची तर आधारला जोडलेला मोबाईल लागतो. तो नसेल तर सेवा केंद्रावर जाऊन बोटाचा ठसा द्यायचा. इथे दुसरी अडचण येते. कोयता धरणाऱ्या, उसाची पाचट सोलणाऱ्या हाताच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. यंत्र ठसा घेत नाही. केंद्रचालक म्हणतो, हात धुऊन या, तेल लावून या, उद्या या. फडावरच्या माणसाचा उद्या म्हणजे एक बुडालेली मजुरी. आता चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय काही अॅपमध्ये आली आहे. हे ज्याला माहीत आहे त्याचा दिवस वाचतो, आणि अशी माहिती कुठल्याही 20 तासांच्या पुस्तकात अजून पोचलेली नसते.

मोबाईल नंबरचं दुखणं सगळ्यांत मोठं. सिम बंद पडणं, हंगामाला नवं सिम घेणं, मुकादमाचा किंवा दुकानदाराचा नंबर देऊन अर्ज भरणं हे सर्रास चालतं. त्या वेळी काम भागतं. पुढे बँक, रेशन, लाडकी बहीण, सगळीकडचे ओटीपी त्या परक्या माणसाच्या खिशात वाजतात. आधारचा नंबर बदलायला वर्षानुवर्षं केंद्रावर प्रत्यक्ष जाणं हाच रस्ता होता. आणि केंद्र असतं तालुक्याला.

रेशनचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. बीडचं कार्ड असलेलं कुटुंब कराड किंवा पलूसच्या रेशन दुकानातून धान्य घेऊ शकतं. 'एक देश, एक रेशन कार्ड'ची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये ज्या राज्यांच्या जोड्यांनी झाली, त्यात महाराष्ट्र-गुजरात ही एक होती. राज्यातल्या राज्यात तर प्रश्नच नाही. सगळं धान्य एकदम इथेच उचलावं लागतं असंही नाही. थोडं इथे आणि उरलेलं गावी राहिलेल्या सासू-सासऱ्यांनी तिथे, असं करता येतं. 'मेरा राशन' अॅपवर जवळचं दुकान आणि आपल्या कार्डावर या महिन्यात किती शिल्लक आहे, हेही दिसतं.

म्हणजे हक्क आहे, यंत्र आहे, अॅप आहे. पण दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणाला की बाई परत फिरते आणि रेशनवर फुकट मिळणारा तांदूळ बाजारातून विकत घेते. तिला कम्प्युटर येत नाही म्हणून हे होत नाही. आपल्या कार्डावर काय लिहिलंय ते दुकानदारासमोर मोबाईलवर दाखवता येत नाही म्हणून होतं. फरक छोटा वाटतो, पण शिकवायचं काय हे त्यावरच ठरतं.

प्रत्येक चूक शिकणाऱ्याची नसते

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत आणखी एक गोष्ट घडली. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाच्या नकारार्थी विधानापुढे हो किंवा नाही निवडायचं होतं. आता "नाहीत" या वाक्याला घरात कुणी नोकरीला नसेल तर उत्तर "हो" द्यायचं. शिकल्या-सवरलेल्या माणसालाही दोनदा वाचावं लागेल असं हे गणित. अनेक जणींनी सरळ मनाने "नाही" दाबलं आणि त्याचा अर्थ उलटा झाला. हप्ते अडकले, ओरड झाली आणि अंगणवाडी सेविकांमार्फत पुन्हा पडताळणी करण्याची वेळ सरकारवर आली.

या बायकांना डिजिटल निरक्षर म्हणायचं का? फॉर्म लिहिणाऱ्यालाही एखादा वर्ग लावायला हरकत नसावी.

म्हसवडमध्ये अंगठ्याचं काय झालं?

या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाचा जुना आणि चांगला अनुभव असलेलं एक ठिकाण आहे. माण तालुक्यातलं म्हसवड.

नव्वदच्या दशकात चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांसाठी सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण बहुतेक प्रवर्तक बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. मग या बायका काही महिने लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, आम्हाला शिक्षण नाही, पण व्याजाचा हिशोब विचारा. तुम्ही कॅल्क्युलेटरवर करा, आम्ही तोंडी करतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढे बँकेत कार्ड आणि पिन आले, तेव्हा याच बायकांनी वेगळी तक्रार केली. पिन कुणीही बघेल आणि पैसे काढेल, त्यापेक्षा आमचा अंगठा घ्या, तो कुणाला चोरता येणार नाही. सिन्हा यांनी हा किस्सा आपल्या भाषणात सांगितला आहे. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, तोच अंगठा बायकांनी कुलूप म्हणून मागितला.

माणदेशीने बायकांसाठी व्यवसाय शिक्षणाचे वर्ग काढले आणि 2007 पासून ते बसमधून गावोगाव नेले. शाळेने बाईकडे जायचं, हा त्यातला साधा विचार. बाजारहाट, जनावरं, शेळ्या सांभाळणारी बाई तालुक्याच्या वर्गाला येणार नाही हे त्यांनी धरूनच चालवलं.

म्हसवडची भाजीवाली आणि रेठऱ्याच्या फडावरची ऊसतोड बाई यांत फरक आहेच. एकीचं गाव, बँक, ओळख ठरलेली आहे, तिचा अंगठा यंत्राला चालतो. दुसरीचा झिजलाय आणि पत्ता दर हंगामाला बदलतो. पण शिकवण्याचा क्रम म्हसवडनेच दाखवून दिलाय: आधी जो हिशोब तिच्या पोटाशी जोडलेला आहे तो, मग यंत्र.

फडावरचा हिशोब कोणता?

जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनामागे साधारण 366 रुपये दर झाला. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती या मजुरीतून फिटत जाते. न फिटलेली पुढच्या वर्षाच्या डोक्यावर.

आता गंमत बघा. उसाचं वजन काट्यावर झालं की अनेक कारखान्यांत शेतकऱ्याच्या मोबाईलवर लगेच मेसेज जातो. वाहतूकदाराला पावती मिळते. पण ज्या जोडीने पहाटेपासून वाकून तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि गाडी भरली, तिचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. रोज फक्त 100 किलो कमी लागले तरी 36 रुपये गेले. 120 दिवसांत साडेचार हजारांच्या घरात.

सेवा केंद्रातला माऊस धरायला शिकवण्याआधी फडावर हे शिकवता येईल: वजनाच्या पावतीचा रोज मोबाईलवर फोटो काढायचा, तारखेप्रमाणे ठेवायचा, पंधरवड्याला मोबाईलच्याच कॅल्क्युलेटरवर बेरीज करायची. ज्याला वाचता येत नाही त्याने आकडे आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचे. एवढ्याने मुकादम लगेच बदलेल असं नाही. पण उचल किती फिटली यावर वाद झाला तर हातात काहीतरी असेल. आणि एकदा ही सवय लागली की ओटीपी, बँकेचा मेसेज, रेशनची शिल्लक वाचणं ही पुढची पायरी फार अवघड राहत नाही.

फसवणुकीचा धडाही याच ओघात यावा. ऊस तोडून झाला की बायका वाढे विकतात, ते वरकड पैसे त्यांचे. घेणारा आता खिशातून नोट काढण्याऐवजी क्यूआर कोड मागतो. बाईकडे स्वतःचा फोन नसेल तर ते पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात आणि तिची ती कमाई तिच्या हातातून सुटते. फोन असेल तर दुसरी भीती. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे एक वाक्य पाठ असलं तरी पुष्कळ जण वाचतील. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करायचा. ई-श्रमसाठी 14434 हा मदत क्रमांक आहे.

जर्मनीत काय करतात?

2015 मध्ये सीरिया-इराकमधून लाखो लोक जर्मनीत पोचले. बर्लिनमध्ये त्यांच्यासाठी रेडी नावाची एक शाळा सुरू झाली. ती निर्वासितांना प्रोग्रॅमिंग शिकवते, तसंच सरकारी ऑनलाईन सेवा आणि नोकरीचे अर्ज कसे भरायचे हेही. जर्मन सरकारचा स्थलांतरितांसाठीचा मूळ अभ्यासक्रम 600 तास भाषा आणि 100 तास देशाची ओळख असा आहे. आपल्याकडच्या 20 तासांशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही, पैसाही तेवढा नाही. पण नव्या जागी आलेल्या माणसाला त्या जागेची यंत्रणा शिकवणं ही ज्या जागेला त्याचे श्रम हवेत तिची जबाबदारी, हे तिथे गृहीत धरलेलं आहे.

इथे ती जबाबदारी कुणाची? मजुरांच्या गावची ग्रामपंचायत म्हणते ते हंगामात इथे नसतात. इथली म्हणते ते आमचे मतदार नाहीत. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, मजुरांना ओळखपत्रं देण्याचं काम गावपातळीवर ग्रामसेवकांकडे आहे.

राहतो कारखाना. सातारा-सांगलीच्या सहकारी कारखान्यांकडे कार्यालय आहे, वीज आहे, संगणक विभाग आहे, कुठली टोळी कुठल्या गटात उतरली याची नोंद आहे. यातल्या अनेकांनी शाळा-कॉलेजं काढली, इंजिनिअरिंगची मुलं घडवली. तीच मुलं आठवड्यातून एकदा तळावर जाऊ शकतात. वेळ मात्र मजुरांची धरावी लागेल. पहाटे तोड, रात्री-अपरात्री गाडी भरणं. उसंत मिळते ती आठवडी बाजाराच्या दिवशी, नाहीतर कारखान्यात बिघाड होऊन गाळप थांबतं तेव्हा. अशा दिवशी तळावर आधारची गाडी आणली, बंद पडलेले नंबर बदलून दिले, झिजलेल्या अंगठ्यांसाठी चेहऱ्याने ओळख पटवून दिली, तर एका दुपारीत जेवढं होईल तेवढं बाहेरच्या कुठल्याही वर्गात होणार नाही.

सध्या हे काम तळावरची मुलं करतात. पाचवी-सहावीत शाळा सुटत चाललेली एखादी पोर आईचा ओटीपी वाचून दाखवते, बँकेचा मेसेज समजावते, नेटवर्क नसेल तर बांधावर चढून फोन वर धरते. मग खाली येऊन लहान्या भावाला कडेवर घेते. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, पाल निघतं, ट्रॉल्या पुन्हा बीडच्या वाटेला लागतात. हंगामासाठी घेतलेलं सिम तोवर बहुधा शेवटच्या रिचार्जवर असतं, आणि त्याच नंबरावर या वर्षीचा एखादा नवा अर्ज भरलेला असतो.